कुठले तुम्ही?

हैदराबादेत नारायणगुड्याहून मौला अलीची टेकडी गाठायला पहाटे निघालं तर अर्धा तास पुरतो. नऊनंतर निघालात तर देवच वाली, मग तो कुठल्याही धर्माचा असो. विद्यानगर, अडिकमेट, उस्मानिया विद्यापीठाचं आवार, तार्नाका, लालापेठ, मग रेल्वेच्या वसाहती, आणि कुठल्याशा वळणावर गच्च्यांच्या नि पाण्याच्या टाक्यांच्या वर तो उघडा खडक दिसायला लागतो. ना झाड ना माती, नुसती राखी-गुलाबी, गुळगुळीत पाठ, आणि तिच्यावर पांढरा दर्गा. चढायला पायऱ्या आहेत, ४८४. मोजणाऱ्या दोघांचा आकडा मात्र कधी जुळत नाही.

आमच्या पिढीतल्या नारायणगुडेकरांना अशा टेकड्या निवृत्तीनंतर सापडल्या. त्याआधी बँक होती, मुलांची केशव मेमोरियल शाळा होती, रविवारी ताजमहाल हॉटेलातली इडली होती. ज्या केशवराव कोरटकरांच्या नावानं ही शाळा १९४० साली निघाली ते मराठी, निजामाच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश. आम्ही मराठी माणसं इथे उपरी नाही, हे पाहुण्यांना सांगताना मी हा दाखला हमखास देतो. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, दुकानात तेलुगू असा आमचा संसार. आता चौघांचा सकाळचा कंपू आहे, गुडघे शाबूत आहेत तोवर चढून घ्या म्हणणाऱ्यांचा.

हा प्रदेश वाळवंट नव्हे. पण वर दर्ग्याच्या आवारात चपला काढाव्या लागतात, आणि एप्रिलमध्ये तळपायांना विचारलं तर ते वेगळं सांगतील. खडक ग्रॅनाइटचा, सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात निवून घट्ट झालेला. वरची माती-दगडांची ओझी झिजून गेली, दाब सुटला, तसा हा खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा थराथरानं सुटत गेला आणि असा गोल झाला. हैदराबादेत असे खडक सगळीकडे होते. सुरुंग लावून ते फोडले गेले, त्यांवर नवं शहर उभं राहिलं. ते वाचावेत म्हणून १९९६पासून इथे ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ काम करते आहे. त्यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा ग्रॅनाइटचा आहे, हे जाता जाता.

वर जायचं कारण दर्ग्याच्या गोष्टीत आहे. इब्राहिम कुतुबशहाच्या काळी, सोळाव्या शतकात, याकूत नावाच्या दरबारातल्या एका आजारी खोजाला स्वप्न पडलं. हिरव्या कपड्यांतला कोणी त्याला या टेकडीवर घेऊन आला, तिथे हजरत अली खडकावर हात टेकून बसले होते. सकाळी जाऊन पाहतो तर खडकावर पंजाचा ठसा. तेव्हापासून लोक चढताहेत. रज्जब महिन्याच्या सतराव्या तारखेचा इथला उरूस निजामाच्या अमदानीत एवढा मोठा भरायचा की दरबारच टेकडीच्या पायथ्याशी मुक्कामाला यायचा. शिया येतात, सुन्नी येतात, कुंकू लावलेल्या तेलुगू बायका कडेवर पोरं घेऊन येतात, नवस बोलतात, फेडतात. आणि आम्ही चौघं येतो, पायांत स्पोर्ट्‌स शूज, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.

वरून काय दिसतं ते सांगतो, कारण आम्ही त्यासाठीच जातो. समोर कदम-ए-रसूलची टेकडी. खाली रेल्वेचं यार्ड, इंजिनांचं शेड, रुळांचं जाळं. पश्चिमेला सिकंदराबाद, नैर्ऋत्येला विद्यापीठाची हिरवळ, तिच्यापलीकडे धुरकटात आमचं नारायणगुडा कुठेतरी. थंडीत धुकं खालच्या वस्त्यांवर बसलेलं असतं तेव्हा इथलं दृश्य खरोखर पाहण्यासारखं असतं. मी फोटो काढतो.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर, वाळवंटात, उलुरू नावाचा असाच एक एकट्यानं उभा असलेला खडक आहे. तो वालुकाश्माचा, जमिनीपासून ३४८ मीटर उंच. तिथल्या अनंगु लोकांसाठी ती पवित्र जागा. १९८५ साली त्यांना त्या जमिनीची मालकी कायद्यानं परत मिळाली. तरी चढाई चालूच राहिली. कृपा करून चढू नका, अशी विनंती करणारी पाटी पायथ्याशी वर्षानुवर्षं होती, आणि तिच्या शेजारून लोक वर जात होते. २६ ऑक्टोबर २०१९पासून चढाई बंद होणार असं जाहीर झाल्यावर तर शेवटच्या दिवसांत मुंग्यांसारखी रांग लागली. ते फोटो पाहून मी चिडलो होतो. सात-आठ हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्याच्या बेपर्वाईवर चिडायला काही लागत नाही.

मौला अलीवर तशी पाटी नाही. कुणी अडवत नाही, जात विचारत नाही, कशासाठी आलात हे तर नाहीच नाही. परवानगी नाकारणारा कुणी असता तर पाळायची की मोडायची, एवढाच प्रश्न उरला असता. इथे तो आयता प्रश्न मिळत नाही. बाजूनं एखादी बाई दर पायरीवर कुंकवाचं बोट टेकत चढत असते आणि मी घड्याळात हृदयाचे ठोके बघतो. यात गैर काही नाही, असं कंपूचं मत आहे, आणि माझंही आहे. पण आणखी एक गोष्ट आहे, जी मी कंपूत बोललेलो नाही. दर्ग्यात जाऊन आलो की मला स्वतःबद्दल फार बरं वाटतं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात मी तो फोटो मुद्दाम टाकतो. कुणी तिरकस काही लिहिलं तर आणखीच बरं वाटतं. म्हणजे चढतो तो मी पावलांसाठी, आणि मिरवतो ते मन मोठं असल्याचं.

पायथ्याशी माह लका बाईची कबर आहे. बरेच दिवस आम्ही तिथे आत गेलोच नव्हतो, कारण तिथे चढ नाही. ही चंदा, जन्म १७६८, मृत्यू १८२४. नर्तकी, निजामाच्या दरबारातली मानकरी, उर्दूत स्वतःचा दिवाण रचणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक, लढायांत निजामाबरोबर स्वारीवर गेलेली. आईसाठी तिनं ही बाग आणि इमारत बांधली आणि शेवटी तिथेच आईशेजारी विसावली. २०१०-११च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या पैशातून या जागेची दुरुस्ती झाली. तिला आश्रय देणाऱ्यांपैकी एक होता निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क. खर्ड्याच्या लढाईनंतर, १७९५ साली, मराठ्यांनी ज्याला पुण्यात नेऊन ठेवला तोच. आणि १७९९ साली तिनं आपल्या कवितांची प्रत ज्या इंग्रज अधिकाऱ्याला भेट दिली तो जॉन माल्कम, ज्याच्या स्वाधीन दुसरा बाजीराव १८१८ साली झाला. खर्डा मला शाळेपासून पाठ. बाजीरावाची शरणागतीही. या दोन्ही गोष्टींच्या मधोमध एक कवयित्री उभी आहे आणि तिची कबर आमच्या गाडीच्या पार्किंगपासून हाकेच्या अंतरावर आहे, हे कळायला साठी उलटावी लागली. इतिहास आपल्याला हवा तेवढाच दिसतो, याची ही सौम्य बाजू. दुसरी तितकी सौम्य नाही.

पायऱ्या सुरू होतात तिथे एक म्हातारे फुलं, अगरबत्ती, बत्तासे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसतात. एके दिवशी मी पुण्याच्या चुलतभावाशी फोनवर बोलत होतो. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघतो आहे आणि हैदराबाद शाखेचं पान माझ्याकडे आलं आहे. बोलणं संपलं तसं म्हातारे मराठीत म्हणाले, “कुठले तुम्ही?”

“नारायणगुडा.”

“तसं न्हवं. गाव कोणतं?”

“आता नारायणगुडाच. तीन पिढ्या झाल्या.”

ते हसले. “आमचं कळंबकडचं. बाप इकडं आला पोलीस ॲक्शनच्या साली. मी आईच्या पोटात होतो.” मराठवाड्याचा तो हेल, त्यात मध्येच दखनी. मराठी बोलायला कुणी भेटत नाही म्हणाले. मी बाटली घेतली, पैसे दिले आणि वर निघालो. कळंबपासून आमचं मूळ गाव फार लांब नाही.

तीन पिढ्या झाल्या हे खरं आहे. नारायणगुडा हेही खरं. खोटं एक अक्षर बोललो नाही. पण त्यांनी विचारलं होतं ते मला नीट कळलं होतं. एरवी कुणी मराठी माणूस भेटला की मी आपणहून गावाचं नाव सांगतो, तालुका सांगतो, वाड्याच्या दरवाज्याची उंची सांगतो. त्या सकाळी माझी जीभ नारायणगुड्यापाशीच थांबली. विचार करून थांबली असती तर तिला निदान हुशारी म्हणता आलं असतं. ती आपली आपणच थांबली, म्हणजे काय सांगायचं नाही हे तिला आधीच ठाऊक होतं. वर पोचेपर्यंत मी याच एका गोष्टीशी झगडत होतो. दृश्य नेहमीसारखंच चांगलं असणार.

आमच्या घरातली गोष्ट अशी. १९४७-४८चं वर्ष, रझाकारांचा धुमाकूळ. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करत असे, म्हणजे आमच्याच भागातला. गावात धान्याच्या बळदाला आग लागली, घरातल्या बायका रात्रीच्या रात्री बैलगाडीतून बार्शीला, भारताच्या हद्दीत पोचल्या. आजोबा नोकरीनं हैदराबादेत, भाड्याच्या खोलीत. ऑगस्ट १९४८मध्ये ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान याला रझाकारांनी काचीगुड्याजवळ मारला. भारतात विलीन व्हावं असं लिहिणारा मुसलमान पत्रकार. नारायणगुड्यातून तिथे चालत जाता येतं. मग १३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली, भारतीय फौजा शिरल्या आणि १७ला निजाम शरण आला. आजी इथे येऊन म्हणायची, “मग सगळं शांत झालं.” या वाक्यावर आमच्याकडे गोष्ट संपते. माझ्या वडिलांनी ती इथेच संपवली, मी माझ्या मुलांना सांगताना इथेच संपवली.

सगळं शांत झालं नव्हतं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांना पाहणीसाठी पाठवलं. १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ती समिती जिल्ह्यांतून फिरली. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत, असा तिचा अंदाज. बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना लपवणाऱ्या हिंदूंच्याही नोंदी त्यात आहेत. अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. २०१३च्या सुमारास तो अभ्यासकांना दिल्लीत पाहायला मिळू लागला. तेव्हापासून निदान मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी वाचलं, वाईट वाटलं, आणि ते दुःख कुठल्या तरी दुसऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात घडलं असावं असं समजून बाजूला ठेवलं.

कारण आमच्या घरी आमराई होती. गावाबाहेर, विहिरीला लागून. तिला आजही ‘मुलाण्याची आमराई’ म्हणतात. दर मे महिन्यात गौलीगुड्याच्या बसस्टँडवर आमच्या नावानं आंब्यांच्या करंड्या उतरायच्या आणि वडील रिक्षातून त्या घरी आणायचे. तो वास म्हणजे माझं बालपण, असं मी दिवाळी अंकात लिहिलंसुद्धा आहे. आमराई मुलाण्याची तर ती आमच्याकडे कशी, हे लहानपणी मी एकदा विचारलं असेन. उत्तर आठवतं ते असं: “पोलीस ॲक्शननंतर घेतली, स्वस्तात मिळाली.” स्वस्तात का मिळाली, हा पुढचा प्रश्न मुलानं विचारायचा नसतो. साठीच्या माणसानं विचारायला हरकत नव्हती.

खरेदीखत ट्रंकेत होतं. उर्दूत. आजोबांना उर्दू मराठीइतकीच येत होती, त्यांचं शिक्षणच त्या भाषेतून झालेलं. वडील अडखळत वाचायचे. माझ्यापर्यंत ती फक्त बोलण्यापुरती पोचली. एवढं निमित्त मला पन्नास वर्षं पुरलं. कागद वाचता येत नाही! नारायणगुड्याच्या चौकात उभं राहून हाक मारली तरी उर्दू वाचणारा माणूस मिळेल. हिमायतनगरात राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे मी कागद नेला, तेव्हा त्यांना ते वाचायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

कागद अगदी साधा निघाला. फसली सन १३६०, म्हणजे १९५०-५१. किंमत हाली सिक्क्यात. चतुःसीमा: पूर्वेला ओढा, दक्षिणेला आमचं शेत. विकणाऱ्यानं राजीखुशीनं, कुणाच्या दबावाशिवाय, नड भागवण्यासाठी विकली आहे. प्राध्यापक म्हणाले, हे वाक्य प्रत्येक खरेदीखतात असतंच, ते छापील असल्यासारखं समजा. मग चष्मा वर सारून त्यांनी एक ओळ पुन्हा वाचली. विकणाऱ्याच्या नावापुढे गाव लिहिलेलं, आणि त्यापुढे, हाल मुक्काम हैदराबाद.

आजोबांनी कुणाला धमकावलं असेल असं मला वाटत नाही. ते त्या काळात इथेच नोकरीवर होते, आणि मला आठवतात ते भिडस्त. पण विकणारा विकताना गावात नव्हता, परत जाण्याची आशा सोडलेला होता, आणि विकत घेणाऱ्याला हे माहीत होतं. कायद्यानं या व्यवहारात बोट ठेवायला जागा नाही. मी सज्जन लोकांच्या घरात वाढलो हे जितकं खरं, तितकंच हेही की त्या सज्जनांनी चांगली वेळ साधली.

त्यानंतर मौला अलीला गेलो तेव्हा म्हाताऱ्यांना आपणहून गावाचं नाव सांगितलं. काय होईल याची मी मनात तयारी केली होती, त्यांच्या डोळ्यांत काहीतरी येईल, ते काही तरी बोलतील, मग मी काही तरी बोलेन. त्यांना ते गाव ठाऊकच नव्हतं. बाप सांगायचा ती सगळी नावं विसरलो म्हणाले, आणि बाटलीचे वीस रुपये मागितले. माझी फजिती झाली आणि ती योग्यच होती. त्या माणसाला माझ्या मनाचा भार उतरवून घ्यायला नेमलं कुणी होतं? तो मुलाण्याचा नातू नव्हे. तो फुलं विकतो.

कुलवृत्तांताच्या पानावर मी दोन वाक्यं घातली. एक, १९४८च्या सप्टेंबरनंतर आमच्या भागातली अनेक मुसलमान कुटुंबं मारली गेली किंवा परागंदा झाली. दोन, त्यांतल्या एकाची आमराई १९५०-५१ साली आपल्या घराण्यानं विकत घेतली. लिहून झाल्यावर तेच ओळखीचं बरं वाटणं अंगभर पसरलं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकल्यावर वाटतं ते. म्हणून मी आठवडाभर पान पाठवलं नाही. मग ठरवलं की मला बरं वाटतं म्हणून खरं वाक्य खोटं होत नाही, आणि पाठवलं.

चुलतभावाचा फोन आला. कुलवृत्तांतात कोण कुठे जन्मलं, कोण कुठे नांदलं हे लिहितात, असं त्याचं म्हणणं. रझाकारांनी बळद जाळलं हे मात्र पानावर असलेलं त्याला चालत होतं. मी तसं म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तुझ्या नावावर सातबारा नाही ना, म्हणून तुला हे सुचतं. उद्या कुणी हे पान घेऊन तहसिलात आला तर निस्तरायचं मी.”

त्याचं चूक नव्हतं. आमराई त्याच्या वाटणीची. पण फोन ठेवल्यावर मला वाटणीचा हिशेब आठवला. आमराईतला हिस्सा सोडल्याबद्दल वडिलांना तेव्हा रोख रक्कम मिळाली होती, आणि त्याच रकमेत नारायणगुड्यातल्या आमच्या घरावर वरचा मजला चढला. मी हे लिहितो आहे ती खोली त्याच मजल्यावर आहे. रात्री त्याला कळवलं, सातबारा नाही, पण मजला आहे, तेही लिहितो. पानावर आता तीन वाक्यं आहेत. कुलवृत्तांत मंडळाची बैठक दिवाळीनंतर आहे.